फाटकापलीकडचा डोंगर

माझे सासरे ॲन्सेल, म्हणजे आमचे बाबा, यांनी अमेरिकेतल्या मोंटानाच्या सरकारी जंगलात तीस वर्षं पायवाटा बांधल्या. या ऑगस्टमध्ये त्यांना ब्रॅडॉक डोंगरावर हकलबेरीची रानफळं वेचायला जायचं होतं. पण पायथ्याचं गुरांचं रँच नव्या मालकानं घेतलं होतं आणि रस्त्यावर फाटक उभारून कुलूप ठोकलं होतं.

आम्ही थेट जमीन कार्यालय गाठलं. तिथल्या मेरिबेथनं नकाशा पसरला.

"आजोबा, डोंगर सरकारी आहे, म्हणजे तुमचाच. फक्त चारी बाजूंची जमीन खासगी आहे."

"मग माझ्या डोंगरावर मी जाऊ कसा?"

ती ओशाळली. "काही लोक हेलिकॉप्टरनं जातात."

"बेऱ्या वेचायला हेलिकॉप्टर!" बाबा इतक्या मोठ्यानं ओरडले की रांगेतली माणसं वळून बघू लागली. "अगं, ती वाट मी खणलीय!"

"असेल हो. पण रस्त्याचा हक्क कागदावर कुठेच नाही."

रँचचा जुना मालक नुसता हात हलवून आत सोडायचा. कागद करून घ्यावा, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, बाबांच्याही नाही. तरी त्यांनी तिथेच रस्त्याच्या हक्कासाठी अर्ज भरला.

परतताना त्यांनी फाटकापाशी गाडी थांबवायला लावली. उतरून कुलूप दोनदा हिसडलं, मग फाटकाला सणसणीत लाथ घातली आणि गुडघा धरून खाली बसले.

"हसू नकोस, सूनबाई."

मी हसत नव्हतेच.

पुढे कित्येक आठवडे ते लंगडत फोनपाशी जायचे आणि मेरिबेथला विचारायचे, "माझ्या अर्जाचं काय झालं?" ऑक्टोबरात डोंगरावर बर्फ पडलं, तरी तिचं उत्तर तेच होतं, "वर पाठवलाय, आजोबा."