प्रेमिला बसली की गिअर खरखरतो

मनोहररावांची लाकडं कापायची आरामशीन चांगली चालली होती, दोन्ही पोरी उजवून झाल्या होत्या, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर या माणसाला काय सुचावं? दुधी रंगाची, दोनच माणसं बसतील अशी, कापडी टपाची विलायती स्पोर्ट्स गाडी! कोण्या गिरणीतला साहेब देश सोडून जाताना विकून गेला, आणि मनोहररावांनी ती दारात आणून उभी केली. सक्करदऱ्याच्या त्या वस्तीत लोकांनी तोवर फटफटी पाहिली होती, जीप पाहिली होती. ही जमिनीला पोट टेकलेली गाडी पाहून बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

त्यांची बायको प्रेमिलाही हसली. पण पहिल्या रविवारी उमरेड रोडनं ती नवऱ्याशेजारी बसून निघाली, वारा कानात शिरला, आणि तिचा जीव हरखून गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघंच कुठं निघाली असं कधी घडलंच नव्हतं. कधी सासू सोबत, कधी नणंदा, कधी पोरी, नाहीतर आरामशीनवरचं कोणी. या गाडीत तिसऱ्याला जागाच नव्हती बाप्पा! प्रेमिलाला गाडी आवडली ती एवढ्याचसाठी, आणि त्यात लाजायचं काय?

संक्रांत झाली आणि गाडीला खोड लागली. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात टाकलं की खर्रर्र! घासात खडा यावा तसं. बरं, मनोहरराव एकटे आरामशीनवर जात तेव्हा गाडी गुमान चाले. शेजारी प्रेमिला बसली, की खर्रर्र. आता याला काय म्हणावं?

शेजारच्या यमुताईंच्या जिभेला हाड नव्हतंच. भर रस्त्यात म्हणाल्या, "काहून वं प्रेमिला, गाडी तुयावर रुसली का? का तूच जड होऊन राहिली?"

प्रेमिला वरवर हसली, पण ते तिला लागलं. पुढच्या रविवारी तिनं डोकं दुखतं म्हणून सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे येतील म्हणून. मनोहररावही मग गेले नाहीत. दिवसभर गाडी पुसत बसले. शेवटी त्यांनी ओमप्रकाश मिस्त्रीला निरोप धाडला.

ओमप्रकाश मिस्त्री म्हणजे दरवाजात तिरपा होऊन शिरणारा माणूस. त्यानं आधीच सांगून टाकलं, "गिअर के दाँत घिसे होंगे तो पेटी खोलनी पड़ेगी. और सामान इधर मिलता नहीं. फिर बेच ही डालो, सेठ."

'बेच' हा शब्द प्रेमिलानं आतून ऐकला. गाडी गेली की रविवार गेला, रविवार गेला की पुन्हा आपलं तेच, ते तिकडं आरामशीनवर नि आपण इकडं चुलीपाशी. हे तिला नको होतं. अजिबात नको होतं.

"पहले मैं बैठ के सुनता हूँ," म्हणत ओमप्रकाश मनोहररावांशेजारी शिरला. जवळच्या तलावापर्यंत जाऊन दोघं परत आले. एकदाही आवाज नाही. मग प्रेमिलाला बोलावणं आलं. ती स्वयंपाकघराला कडी घालून बाहेर आली, बसली, आणि कोपऱ्यावर वळताच खर्रर्र!

ओमप्रकाशनं कपाळाला हात लावला. "वज़न की बात होती तो मेरे में बजता! भाभीजी से इसकी क्या दुश्मनी है, समझ में नहीं आता."

प्रेमिला गाडीतून उतरली आणि ओट्यावर जाऊन उभी राहिली. म्हणजे मीच, असं तिच्या मनात आलं. एवढ्या वर्षांनी एक हौस पुरी झाली, तिलाही आपली दृष्ट लागावी?

"एकदा अजून बसून पाह्य गा," मनोहरराव मिस्त्रीला म्हणाले. ओमप्रकाश पुन्हा कसाबसा आत शिरला. गाडी ओट्यापुढून गेली, तेव्हा प्रेमिलानं त्याला नीट पाहिलं. बिचाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागले होते. पोत्यात कोंबल्यासारखा बसला होता. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती थांबली. माणूस एवढा मोठा असला, तरी असा आखडून का बसला? त्याच जागेवर तर आपण पाय लांब सोडून बसतो. उलट आपले पाय पुढं टेकतही नाहीत!

गाडी परत आली. ओमप्रकाश अंग मोकळं करत उतरला. यावेळी प्रेमिला आत गेलीच नव्हती, म्हणून तिला दिसलं. मनोहररावांनी खाली वाकून एक खिट्टी ओढली आणि दोघांची मिळून असलेली ती लांब सीट ढुंगणानं रेटत थेट मागे सरकवली. मग हाक मारली, "चल वं, बस."

"थांबा," प्रेमिला म्हणाली. "मिस्त्रीच्या वेळी होती तशीच राहू द्या."

"अवं, अडचण होईल तुले."

"होऊ द्या."

सीट पुढं आली. प्रेमिला गुडघे मुडपून बसली. उजव्या गुडघ्यातून कळ गेली, पण ती बोलली नाही. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. चूं की चां नाही.

"आता मागं घ्या," ती म्हणाली, आणि या खेपेला तिनं त्यांच्या डाव्या पायाकडं पाहिलं. क्लचवर नुसता अंगठा पोचत होता, टाच अधांतरी. दुसरा गिअर टाकताच खर्रर्र! "पाय पुरा खाली जाऊनच नाही राहिला तुमचा!" ती मोठ्यानं म्हणाली.

ओमप्रकाश बाहेरूनच ओरडला, "अरे सेठ! क्लच पूरा दबेगा ही नहीं, तो अंदर दाँत से दाँत लड़ेंगे ही! पेटी एकदम ठीक है!" आणि स्वतःलाच शिव्या घालत तो मांडीवर थापा मारून हसला.

मनोहरराव ओशाळले. "मले वाटलं, पाय पोचून राहिला."

"पण सीट मागं काहून घेत होते तुमी?"

"तुया गुडघ्यासाठी."

प्रेमिला चपापली. "मी त कधी बोलली नाही गुडघ्याचं."

"बोलाले कशाले पाह्यजे? संक्रांतीपासून उठताना भिंत धरते तू."

"मग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त तू म्हटलं असतं, दुखू द्या. आन् दुखत बसली असती." ते समोर पाहत म्हणाले.

खरंच तसंच म्हटलं असतं तिनं. आत्ता मघाशीच तर म्हणाली होती. ती उतरली, बैठकीतला जाडजूड लोड उचलून आणला आणि मागे सरकवलेल्या सीटवर मनोहररावांच्या पाठीशी खोचला. तिचे पाय मोकळे राहिले आणि त्यांची टाच खाली टेकली.

मिस्त्री चहा प्यायला यमुताईंच्या ओट्यावर बसला, आणि ही दोघं निघाली. रस्ताभर प्रेमिला नवऱ्याकडं पाहत होती. अजून काय काय पाहिलं असेल या माणसानं, आणि काय काय बोलला नसेल? तलाव मागं पडला, घरं संपली, वारा सुटला. दुसरा गिअर कधी पडला, ते तिला कळलंच नाही.