दोन नळ्यांची सवत

मी रिबीट गन बोलतेय. गन म्हटल्यावर दचकू नका, मी गोळी झाडत नाही, मी जोडते. कमलनगरच्या बसस्टँडसमोर अमृतप्पाचं ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचं दुकान आहे, तिथं मी खिळ्याला टांगलेली असते. स्वभावानं मी जळकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं नावं ठेवायला तुम्हाला सोपं जाईल.

ॲल्युमिनियम मोठं नाजूक. पातळ नळीला वेल्डिंगचा जाळ दाखवला की सांधा राहतो बाजूला, भोकच पडतं. म्हणून माझी गरज. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवायच्या, दोन्हींतून आरपार भोक पाडायचं, त्यात रिबीट बसवायचं आणि माझे दोन्ही दांडे मुठीत आवळायचे. मधली तार ओढली जाते, रिबिटाचं मागचं तोंड फुगतं आणि टक् करून तार तुटते. सांधा कायमचा झाला.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतं ते अमृतप्पानं उदगीरच्या बाजारातून मला आणलं तेव्हापासूनचं. वीस वर्षं मी त्याच्या मुठीत काढली. शाळांच्या खिडक्या, किराणा दुकानांची कपाटं, मंडपवाल्यांच्या शिड्या, काय काय जोडलं आम्ही! कुणी मला उसनी मागायला आलं, तर मी बिघडले आहे म्हणून तो सांगायचा. ते खोटं ऐकताना मी फुलून जायचे.

मग सवत आली. अमृतप्पाची लेक रेणुका एक दिवस गोंदाच्या दोन नळ्या घेऊन आली. दोन्हींतला गोंद सारखा घेऊन कालवायचा, सांध्याला लावायचा, दिवसभर हलवायचं नाही. लोखंडासारखं धरतं म्हणे. भोक नको, टकटक नको. एक सवत माणूस सोसेल, ही तर जोडीनं आली! माझ्या पोटात दुखायला लागलं ते थांबेचना. अमृतप्पा त्या नळ्या कशा अलगद दाबतो, टोपण कसं पुसून लावतो, सगळं मी खिळ्यावरून बघत होते. मला कधी त्यानं पुसलं नव्हतं.

खंडेनवमीच्या दिवशी नागूबाई आली. म्हातारी पलीकडच्या गल्लीत राहते, ॲल्युमिनियमचा वॉकर धरून चालते. त्याची आडवी नळी निसटली होती. रेणुकानं ती पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केली आणि गोंद कालवायला घेतला. तेवढ्यात अमृतप्पानं नेहमीसारखं केलं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की हातातल्या कामालाही तो तेलात भिजवलेल्या कुंकवाचं बोट लावतो, तेही नेमकं सांध्यावर. रिबिटाला त्यानं काही होत नाही. पण तेलावर गोंद धरत नाही, हे गोंदाच्या वेष्टनावर छापलेलं रेणुकानं कालच मोठ्यानं वाचलं होतं. आज तिनं नुसत्या फडक्यानं कुंकू पुसलं आणि गोंद लावला. मी सगळं बघितलं. मला तोंड असतं तरी मी सांगितलं नसतं.

तिसऱ्या दिवशी नागूबाई मोडका वॉकर एका हातानं ओढत, भिंतीला धरत धरत आली. वॉकरची नळी उंबऱ्यातच निघाली होती. म्हातारी पडली होती, कोपर सोललं होतं. ते बघूनही मला आनंदच झाला, काय लपवू?

"अमृतप्पा, तुझं रिबीटच लाव बाबा," ती म्हणाली. "हे गोंदाचं मला न्हाई जमायचं."

त्यानं मला खिळ्यावरून काढलं. किती दिवसांनी! गोंदाच्या नळ्या फळीवर गप्प पडून होत्या. भोक पाडून त्यानं रिबीट बसवलं आणि मला आवळलं. दांडे अर्ध्यावर अडले. त्यानं दुसरा हात लावला, मला छातीशी धरून दाबलं. टक् झालं नाही. मला मुठीत धरूनच तो दुसऱ्या हातानं बोटांचे सांधे चोळायला लागला.

"अप्पा, किती दिसांपासून दुखायलंय?" रेणुकानं विचारलं.

"दोन वर्सं झाली असतील."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू ही गन ठेवून दे म्हणली असतीस."

रेणुकानं त्याच्या शर्टाची उघडी गुंडी लावली. मग म्हणाली, "तुमच्यानं शर्टाची गुंडी लागंना झालीय, ते मी रोज बघायलीय. गोंद मी उगं आणला न्हाई."

दोन वर्षं! म्हणजे प्रत्येक टक् त्याच्या सांध्यांत दुखत होतं आणि मी ते कौतुक समजून मिरवत होते. नळ्यांनी माझं काही हिसकावलं नव्हतं. त्याचा हात मीच खाल्ला होता.

रेणुकानं मला त्याच्या मुठीतून सोडवून घेतलं. कुंकवाचं बोट आपणच लावलं होतं, त्या तेलानंच गोंद सुटला, हे त्यानं नागूबाईला कबूल केलं. रेणुकानं सांधा पुन्हा घासला, गोंद लावला आणि वरून माझी दोन रिबिटं मारली. नागूबाईचा वॉकर अजून घट्ट आहे.

आता आठवड्यातून एखादं काम रेणुका माझ्याकडून करून घेते. तिची मूठ चांगली आहे, तक्रार नाही. तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं हत्यार धरत असेल, तर एवढं करा, त्याचा हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा. हत्याराला ते कळत नाही.

अमृतप्पा आता फरशीच्या तुकड्यावर काडीनं गोंद कालवत बसतो. कालवताना गुणगुणतो, आवाज गोड आहे त्याचा. वीस वर्षं मी त्याच्या मुठीत होते, आणि तो गातो हे मला ठाऊकच नव्हतं.