नरसाळं नव्हे, गरम हवेचा नळा

मी नरसाळं नाही! मित्रांनो, हे सगळ्यांत आधी सांगून टाकतो, कारण गेली पंचेचाळीस वर्षं सगळे मला नरसाळंच म्हणत आले. मी एका जुन्या जर्मन गाडीतला गरम हवेचा नळा आहे. वीतभर लांब, पत्र्याचा, एका टोकाला अरुंद गळा. पोटात एक छोटी झडप आणि झडपेच्या दांडीला सुपारीएवढं लोखंडी वजन.

माझं काम ऐका. कासवाच्या पाठीच्या आमच्या गाडीचं इंजिन मागे असतं. दवाच्या थंडगार सकाळी इंजिनाने गारठलेली हवा ओढली की पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये दव गोठतं आणि गाडी आचके देत बंद पडते. म्हणून मी त्याला इंजिनाजवळची ऊबदार हवा पाजायचो. एरवी वजनाने खाली मिटलेली झडप गाडीने वेग घेतला की हवेच्या ओढीने उघडायची, गार हवा आत यायची. ना तार, ना बटण. सगळा कारभार एका सुपारीएवढ्या वजनाचा! माझ्यानंतर जे नळे आले त्यांना वजन नाही, तार असते, आणि त्यांचा गळा रुंद. दुरून पाहिलं तर मात्र आम्ही सख्खे भाऊ.

आमची गाडी अण्णासाहेबांनी घेतली. जालन्यात त्यांचा कापसातली सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना होता. पहिली काही वर्षं मी काय मिरवलो म्हणून सांगू! मग एका मे महिन्यात त्यांचे मिस्त्री रामप्रसाद उस्ताद इंजिनावर वाकले. घामाने निथळत होते.

"जालन्यात कुठली आली थंडी?" ते म्हणाले आणि दोन स्क्रू फिरवून त्यांनी मला काढून टाकलं.

अण्णासाहेब दहाच्या आत घराबाहेर पडत नसत. तोवर ऊन तापलेलं असे. त्यामुळे माझी उणीव कुणाला कळलीच नाही.

उस्तादांनी मला केदारखेड्याला घरी नेलं. तिथे मी तेल ओतायचं नरसाळं झालो. दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मलाही पाटावर बसवायचे. तेलाचं बोट, हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. पण मागच्या वर्षीचं कुंकू पुसून नवं लावावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. थरावर थर चढले. गळा जाड झाला, झडप चिकटली. पुढे प्लास्टिकचं नरसाळं आलं आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यात गेलो.

या जानेवारीत माझ्या जिवावर बेतलं. थोडं मी पाहिलेलं आहे, थोडं नंतर ऐकलेलं.

अण्णासाहेब आता म्हातारपणी जाफराबादला राहतात. पंचवीस वर्षं उभी असलेली गाडी त्यांनी केदारखेड्याच्या मच्छिंद्र मिस्त्रीकडे दिली. मच्छिंद्र हा उस्तादांचाच चेला. दोन वर्षं खपून त्याने गाडी उभी केली. दुपारी ती भुंग्यासारखी चालायची. पहाटे मात्र चार मिनिटांत बंद! अण्णासाहेब म्हणाले, "रविवारी सकाळी सहाला येतो. जाफराबादपर्यंत न थांबता नेलीस तर गाडी तुझ्याच हाताखाली राहील. न्हाई तर पुण्याला पाठवतो." आणि पुण्याला गेली असती, तर मच्छिंद्रकडे पुन्हा कुणी गाडी घेऊन आलं असतं का?

त्याची मुलगी अर्पिता नववीत आहे. तिने गाडीच्या जुन्या पुस्तिकेतलं चित्र शोधलं. "पप्पा, हे बघा. इथं नळा पायजे, आत वजनाची झडप असलेला. आपल्या गाडीला नुसतं तोंड हाय!"

पुण्याहून नळा मागवला. तो आला शनिवारी, आणि निघाला माझा धाकटा भाऊ. बसेचना. अर्पिताची आई, दैवशाला, बाजारात बांगड्या भरते. हात पाहून माप सांगणाऱ्या आईची ती लेक! तिने आईच्या पेटीतली एकेक काचेची बांगडी गाडीच्या त्या तोंडात बसवून पाहिली. "दोन-चार! जो गळा दोन-चारच्या बांगडीतून बराबर जाईल तोच आपला."

"पण तो हाय कुठं?" मच्छिंद्रने कपाळाला हात लावला.

"उस्ताद आजोबांना विचारते," म्हणून ती बांगडी मुठीत धरून पळाली.

आणि इकडे मी कुठे होतो? भंगारवाल्या बबलूच्या टेम्पोत, तोंड खाली करून! त्याच सकाळी उस्तादांनी गोठा झाडून सगळं भंगार त्याला दिलं होतं. भंगार जालन्याच्या भट्टीत जातं. तिथे आत गेलेला नळा बाहेर येतो तो सळई होऊन.

"आजोबा, गाडीचा गरम हवेचा नळा आठवतो का?"

"तसलं काही नव्हतंच त्या गाडीत," उस्ताद म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, मित्रांनो. ते बिलकुल विसरले होते.

अर्पिताची नजर टेम्पोवर गेली. "बबलूदादा, दोनच मिनिटं!"

"जल्दी कर गं बाई. भट्टीवर लाईन लागून राह्यली."

ती चढली. पत्रे उचकटले, सायकलची चाकं बाजूला केली आणि तिचा हात माझ्यावर पडला! तिने मला उलटंपालटं केलं, बांगडी माझ्या गळ्यावर ठेवली.

बांगडी जाईना.

कशी जाणार? कितीतरी खंडेनवम्या बसल्या होत्या गळ्यावर! मी ओरडत होतो, पण पत्र्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

"न्हाई हा," ती पुटपुटली. बबलूने इंजिन चालू केलं. तिने मला मागे टाकलं, आणि मी एका जुन्या नांगराच्या फाळावर आपटलो. कुंकवाचा एक पोपडा उडाला. आत झडप सुटली.

टक्!

अर्पिता एक पाय खाली ठेवून थबकली. "थांबा!" तिने मला पुन्हा उचललं, हलवलं. टक्. "वजन! आत वजन हाय! बबलूदादा, बंद करा गाडी!"

उस्ताद काठी टेकत आले. त्यांनी मला हातात घेतलं आणि अंगठ्याच्या नखाने कुंकू खरवडायला लागले. लाल भुगा त्यांच्या धोतरावर पडत होता. गळा उघडा झाला. अर्पिताने श्वास रोखून बांगडी लावली. ती सरकन खाली गेली, जशी मनगटात जावी तशी.

"मीच काढल्तं हे," उस्ताद हळूच म्हणाले. "अन् आज मीच भट्टीला धाडत होतो."

रविवारी पहाटे दात वाजतील अशी थंडी. माकडटोपी घातलेले अण्णासाहेब, हात चोळणारा मच्छिंद्र, आणि मला स्वतःच्या हाताने बसवणारे उस्ताद. गाडी सुरू झाली. एक मिनिट. दोन. चौथ्या मिनिटाला तोच आचका! मच्छिंद्रचा चेहरा पडला. माझ्या झडपेच्या सांध्यात कुंकवाचा एक कण अजून अडकला होता, झडप अर्ध्यातच लटकली होती.

उस्तादांनी कान लावला. बोटाच्या पेराने मला एकदाच टिचकी मारली. "उतर रे बाबा. चूक माझी हाय, मच्छिंद्रला कशाला शिक्षा?"

वजनाने झडप खाली उतरली. ऊबदार हवा धावली, आचके थांबले.

"रामप्रसाद," अण्णासाहेब म्हणाले, "तुम्ही तर म्हणल्ता, जालन्यात थंडी न्हाई."

"म्हणल्तो, साहेब. पंचेचाळीस वर्षं चुकलो."

"मंग मागं बसा. जाफराबादला चहा पिऊ."

गाडी न थांबता गेली, मित्रांनो! आणि अजून मच्छिंद्रच्याच गॅरेजात येते.

परवा खंडेनवमीला गाडी गॅरेजातच होती. अर्पिता कुंकवाची वाटी घेऊन आली. मला वाटलं, आता पुन्हा थर! पण तिने आधी मऊ फडक्याने माझा गळा स्वच्छ पुसला, झडप बोटाने हलवून पाहिली, आणि मग बाजूला टिकलीएवढं कुंकू लावलं. तुमच्या घरातही कुठेतरी माझ्यासारखा कुणी पाटावर नाहीतर कोपऱ्यात बसलेला असेल. त्याला फूल वाहा, नमस्कार करा. पण आधी एकदा पुसून, हलवून बघा, आणि कान लावा. तो कदाचित टक् करेल.