बोली न लागलेला भोपळा

धोंडुबाई आयुष्यात एकदाच धडधडीत खोटं बोलली, आणि तेही पाळकासमोर, चर्चच्या पायरीवर बसून.

हातकणंगल्यापासून आत चार किलोमीटरवर तिचं गाव. लहानपणी या चर्चमध्ये रविवारी उभं राहायला जागा मिळत नव्हती, असं ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची. आता बाकं दहा आणि माणसं दोन. कुणी एमआयडीसीत नोकरी लागून कागलला गेलं, कुणी पुण्याला, आणि कुणी गावातच राहून यायचं बंद झालं. उरली अठ्ठ्याहत्तर वर्षांची धोंडुबाई आणि तिच्या एकटीसाठी उपासना चालवणारे शमुवेल पाळक.

गावात सगळे एकमेकांना राम राम घालतात. ख्रिस्ती माणसं भेटली की सलाम करतात. नवरा आकाराम गेल्यापासून धोंडुबाईला सलाम करणारं गावात एकच माणूस राहिलं होतं. उपासना संपली की पाळक दारात जाऊन उभे राहायचे, मागं शंभर माणसांची रांग असल्यासारखा चेहरा करायचे, आणि म्हणायचे, "सलाम, धोंडुबाई." तीही सलाम म्हणायची. तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

दिवाळीनंतर हंगामाची उपासना असते. प्रत्येकानं पिकातलं काहीतरी आणून समोरच्या टेबलावर ठेवायचं आणि शेवटी त्याचा लिलाव करायचा. नियम एकच, आपण आणलेल्या वस्तूवर आपण बोली लावायची नाही. देवाला दिलं ते दिलं. दोघंच उरल्यावर या लिलावाची गंमतच झाली होती. ती परसातला लाल भोपळा आणायची, पाळक दारातल्या शेवग्याच्या शेंगा. ते भोपळा घ्यायचे, ती शेंगा घ्यायची. एक वार, दोन वार ओरडायला तिसरं कुणी नव्हतं, म्हणून तेही पाळकच ओरडायचे. मग एकट्या माणसाला भोपळा आठ दिवस पुरायचा आणि पुढच्या रविवारी ते पोटाची तक्रार करायचे.

मे महिन्यात पाळकांना कोल्हापूरच्या मोठ्या चर्चच्या मंडळीचं बोलावणं आलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. तिथं राहायला घर, लेक शेजारच्या गल्लीत, बायकोची कबर तिथल्याच दफनभूमीत. शिवाय तिथं ऑर्गन होता आणि तीस जणांचा गायकवृंद. पाळकांचा आवाज खर्जातला, भरलेला. इथं ते आपला सूर धरून ठेवायचे आणि धोंडुबाई आपल्या वाटेनं कुठंही जायची.

त्यांनी पायरीवर बसून तिला दोन कागद दाखवले. एक बोलावण्याचा, दुसरा त्यांनी लिहिलेला नकाराचा.

"मी जात नाही, धोंडुबाई. दोघं-तिघं जमली तर प्रभू त्यांच्यात असतो. मी गेलो तर तुम्ही एकट्या राहाल. एकट्या माणसाची मंडळी कशी होणार?"

धोंडुबाईला आधी आनंदच झाला, उगाच का लपवा? मरणाआधी यांच्या हातून प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळेल, मेल्यावर आकारामच्या शेजारी मूठमाती देताना हेच प्रार्थना करतील. तिची सगळी काळजी मिटली होती. मग तिची नजर कागदांवर गेली. नकाराचा कागद करकरीत होता. बोलावण्याचा मात्र उघडून, वाचून, परत घडी करून मऊ पडला होता. किती वेळा वाचला असेल, देव जाणे.

जन्मभर ती प्रवचनं ऐकत आली होती की येशूमागं जायचं तर स्वतःला नाकारावं लागतं. ती दरवर्षी लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, चहा नाकारायची आणि चाळीस दिवस सगळ्यांवर डाफरायची. आपलं नाकारणं तिथंच संपतं, अशी तिची समजूत होती.

"मी कुटं एकटी हाय?" ती म्हणाली. "राजवर्धन न्ह्यायला येतोय की. पुन्याला. फुडल्या म्हैन्यात."

"नातू? खरंच?"

"तर. त्यानंच म्हटलंय."

म्हटलं होतं. सहा वर्षांपूर्वी, स्वतःच्या लग्नाच्या मांडवात, पान खाता खाता.

पाळकांनी तिच्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावरचा आनंद काही त्यांना लपवता आला नाही. त्या आनंदाचा तिला राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली. जूनमध्ये टेम्पोत सामान भरून ते गेले. जाताना बजावून गेले, "पुण्याला निघाल की चर्चची किल्ली हंबीररावांकडं द्या." ती बरं म्हणाली.

किल्ली तिच्या कमरेलाच राहिली.

दर रविवारी ती घंटा वाजवायची. शेजारच्या मळ्याचे मालक हंबीरराव घंटेच्या नावानं गेली तीस वर्षं ओरडत होते, कारण त्यांची म्हैस बुजते. तेवढं ओरडणं सोडलं तर कुणी फिरकायचं नाही. ती बोट ठेवून शास्त्रपाठ वाचायची, तोंडपाठ असलेली गाणी म्हणायची, प्रार्थनेत आपल्या खोट्याची क्षमा मागायची आणि ते खोटं तसंच ठेवायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी टेबलावर पांढरा कपडा अंथरायची. प्रभुभोजन पाळकानंच द्यायचं असतं, म्हणून पेले उपडे. शेवटी दारात जाऊन ती सलाम म्हणायची. रस्ता मोकळा असायचा. हे तिला सगळ्यात जड जायचं. गाणं एकट्यानं म्हणता येतं, प्रार्थनाही करता येते. सलामाला मात्र दुसरं माणूस लागतं.

श्रावणात ती तापानं चार दिवस पडून होती. पाचव्या दिवशी ती भिंत धरत हंबीररावांच्या दारात गेली. त्यांच्याकडं पाळकांचा नंबर होता. "पाळकांना फोन लावा" एवढंच म्हणायचं होतं. ती उंबऱ्याशी थोडा वेळ उभी राहिली, ताक मागितलं, आणि तांब्या घेऊन परत आली.

मग दिवाळी झाली, उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले आणि हंगामाचा रविवार आला, तोही महिन्याचा पहिलाच. यंदा भोपळा चांगला धरला होता. पोत्यात घालून, निम्म्या वाटेत दोनदा बसून तिनं तो आणला. टेबलावर ठेवला. शेवग्याच्या शेंगांची जागा रिकामी दिसत होती, म्हणून तिनं भोपळा मध्ये सरकवला. उपासना झाली. मग ती टेबलाशी उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "भोपळा हाय. बोली कुनाची?"

दहाही बाकं गप्प. तिला स्वतःला बोली लावता येत नव्हती. परत न्यायचा म्हटलं तर देवाला दिलेला. इथंच ठेवायचा म्हटलं तर कुजणार. एवढ्या महिन्यांत तिला रडू आलं नव्हतं, ते या भोपळ्यानं आणलं.

"अक्का!"

दारात हंबीरराव उभे होते. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या. हातात फोन होता, तो टॉवेलात गुंडाळून त्यांनी काखेत दाबला, पलीकडच्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

"पाळकाचा फोन हाय. तुझ्या नातवाचा पत्ता इचारत्यात. तू पुन्याला हाईस म्हनं. काय सांगू? हितंच हाय म्हनू?"

धोंडुबाईनं टेबलाची कड धरली. एक हो म्हणायचा अवकाश. पुढच्या रविवारी पाळक इथं असते. ऑर्गन सोडून, लेक सोडून आले असते, माणूसच तसला होता. पांढऱ्या कपड्यावर पेले सुलटे झाले असते. हो अगदी जिभेवर आला.

"बरी हाय म्हनून सांगा," ती म्हणाली.

"आनि पत्ता?"

"पुन्याचा पत्ता तुमास्नी ठावं हाय व्हय?"

"न्हाय."

"मग तसंच सांगा. खोटं मी बोललो, ते माझ्याकडं. तुमाला न्हाय बोलाय लावत."

हंबीररावांनी तिच्याकडं बघितलं, उपड्या पेल्यांकडं बघितलं, आणि काखेतला फोन काढला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"बरी हाय, साहेब. पुन्याचा पत्ता तेवढा मला ठावं न्हाय."

"बरं, बरं." पाळकांचा आवाज चर्चभर झाला. मागं कुठंतरी ऑर्गनवर कुणी सूर लावून बघत होतं. "आज हंगाम ना. इथं टेबलावर चाळीस भोपळे आलेत. त्यांच्या भोपळ्याची फार आठवण झाली. गाठ पडली कधी तर माझा सलाम सांगा त्यांना."

धोंडुबाईनं पदर तोंडाशी धरला. "सलाम, पाळकसायेब," ती पदरातच म्हणाली, फोनला ऐकू जाणार नाही इतकं हळू. मग फोन बंद झाला.

"सलाम सांगितलाय त्यांनी," हंबीरराव म्हणाले.

"ऐकला."

त्यांना निघून जावं की थांबावं कळेना. त्यांनी भोपळ्यावर टिचकी मारून बघितली. "ह्यो कुनाचा?"

"देवाचा. लिलावाला हाय. बोली न्हाय लागली."

"मग तूच घे की."

"आपुन दिलेल्यावर आपुन लावायची नसती."

हंबीररावांनी थोडा विचार केला. "लिटरभर दूध. म्हशीचं. उद्या सकाळी."

धोंडुबाईनं डोळे पुसले आणि टेबलावर हात ठेवला. "एक वार," ती म्हणाली, आणि बाकांकडं बघत थांबली. आणखी कुणाला चढवायची असेल तर वेळ द्यावा लागतो. "दोन वार." परत थांबली. "तीन वार. हंबीररावांचा."

त्यांनी भोपळा खांद्यावर घेतला. ते दाराकडं निघाले तशी ती झपाझप त्यांच्या पुढं गेली आणि पाळक उभे राहायचे तिथं उभी राहिली.

"सलाम, हंबीरराव."

एवढी वर्षं शेजार असून त्यांना कुणी सलाम केला नव्हता. त्यांनी भोपळा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"राम राम, अक्का," ते म्हणाले. "आनि फुडल्या ऐतवारी घंटा जरा दमानं वाजीव. म्हस बुजती."

ते बांधावरून दिसेनासे होईपर्यंत ती दारात उभी होती. मग आत जाऊन तिनं पांढरा कपडा झटकला, घडी केला, उपडे पेले कपाटात ठेवले आणि दाराला कुलूप लावून ती एकटीच घरी गेली.