न रडण्याच्या साड्या

साहेब, चंदाच्या लग्नात एकही डोळा ओला झाला नाही, याचं श्रेय तुम्ही भर मांडवात घेतलंत. आता त्या गुन्ह्याचेही धनी तुम्हीच व्हा.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा केनवडच्या बाजूचा. तांड्यातला धनसिंग आमच्यासारखाच दगड फोडायचा. तुम्ही त्याला सडकेच्या खडीचा ठेका दिला. मग तो दगड फोडायचा थांबला आणि आम्ही त्याच्यासाठी फोडू लागलो. त्याने तांड्याबाहेर टिनाचं घर बांधलं, खुर्च्या आणल्या. बसायला तांड्यातलं कोणी येत नव्हतं, म्हणून तो पाळीपाळीने सगळ्या खुर्च्यांवर स्वतःच बसायचा.

यंदा, सन चोपन्नच्या उन्हाळ्यात त्याच्या पोरीचं, चंदाचं लग्न ठरलं. मुलगा आपल्या वऱ्हाडातल्याच मालेगावच्या गोविंदसिंग ठेकेदाराचा. आमच्यात पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून रडते. नुसती रडत नाही, गाऊन रडते. त्याला आम्ही ढावलो म्हणतो. पोरी तो लहानपणापासून शिकतात. ढावलो झाल्याशिवाय पोरगी निघाली, असं कोणी मानत नाही. पोरगीही मानत नाही.

हे तुम्हाला धनसिंगनेच सांगितलं, लाजत लाजत. तुम्ही म्हणालात, ज्याच्या घरी लक्ष्मी आली त्याला हे गळ्यात पडणं शोभत नाही. मोठे लोक येणार, लग्न सुखाचं दिसलं पाहिजे. धनसिंग तुमचं सगळंच ऐकतो. त्याने बाजारातून साड्यांचे गठ्ठे आणले आणि तांड्यातल्या बायांना वाटले. अट एकच, रडायचं नाही. बायकोलाही, म्हणजे हिरीबाईलाही, एक दिली. तिची जरा भारी होती.

लग्नात बँड होता, गॅसबत्त्या होत्या, मोटर होती. निघताना चंदा आईकडे वळली, तर हिरीबाई नव्या साडीचा पदर तोंडात कोंबून उभी. पोरीला मोटरीत बसवलं. मोटर गेली. मग तुम्ही बोलायला उभे राहिलात. पैशाने सुख मिळतं की नाही, असं लोक विचारतात, म्हणालात. पाहा, इथे कोणी रडतंय का?

टाळ्या पडल्या.

अंगावरची हळद पुरती उतरली नव्हती, तोच चंदा मालेगावहून पायी परत आली. धनसिंगने विचारलं, नवरा मारतो का. नाही म्हणाली. सासू उपाशी ठेवते का. तर रोज गव्हाची पोळी असते म्हणाली.

"मंग काहून आली?"

"माहं रडणं राह्यलं, बा."

धनसिंगने बायांना निरोप धाडला, या आणि लवकर उरका. कोणी आलं नाही. म्हातारी नानीबाई म्हणाली, साडी घेऊन बसलो, आता रडलो त बेइमानी होते. मग बाया घराघरात गेल्या आणि साड्या घेऊन आल्या. आमच्या बाया घागरा नेसतात, त्यामुळे साड्यांची घडीही मोडली नव्हती. धनसिंगच्या ओसरीवर, त्या खुर्च्यांवर, एकेकीने आपापली साडी ठेवली. नानीबाईने मात्र तिच्या साडीची नातवासाठी झोळी बांधली होती. ती तिने सोडून आणली.

"हे घे, धनसिंग. मुताचा वास येते, पन तुहीच हाय."

शेवटी हिरीबाई आत गेली, जुना घागरा घालून बाहेर आली आणि भारी साडी सगळ्यांवर ठेवली. मग चंदा तिच्या गळ्यात पडली, नंतर एकेकीच्या. कोणाच्या चुलीतून विस्तव आणला, कोणाच्या बकऱ्या वळल्या, कोणी पायातला काटा काढला, एकेकीचं नाव घेऊन ती गायली. पार गोठ्यातल्या बैलापर्यंत गेली. नंतर तिने ज्वारीची भाकर मागून पोटभर खाल्ली. तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं, त्याला आम्ही सुख म्हणतो. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात, माहीत नाही.

पण एक गळा राहिला. बापाचा. खुर्च्या भरलेल्या, म्हणून धनसिंग उभाच होता. चंदा समोर गेली, तर तो हसला. लग्नात पाहुण्यांपुढे हसत होता तसाच. ती हात खाली सोडून परत फिरली.

गोविंदसिंगचा निरोप आला आहे. बाजाराच्या दिवशी मोटर येईल, त्या मोटरीत सून बसली नाही तर पुन्हा येणार नाही. चंदा म्हणते, बा रडला की निघते. तिला नांदायचं आहे. हे ती सगळ्यांना सांगून राहिली आहे.

धनसिंगने मला गाठलं. "तू लिवतं, वाचतं. साहेबाले विचार. मी रडलो त ठेका जाईन काय?"

मी म्हटलं, आधी रड, मग विचारू.

"तुले काय जाते? तुह्याजवळ हाय काय जायाले?"

म्हणून विचारतो, साहेब. केनवडचा बाजार जवळ आला. भाषण नको, उपदेश नको. त्या बापाने पोरीच्या गळ्यात पडून रडावं की नाही? हो की नाही, मोटर यायच्या आत कळवा.