सदस्य नसलेल्यांनी बाहेर बसावे

कायदा हा माणसापेक्षा मोठा असतो, असं सेक्रेटरी नेहमी म्हणत. सोसायटीतली कायद्याची एकुलती एक प्रत त्यांच्याच काखेत असल्यामुळे ते पडताळून पाहायची सोय कोणाला नव्हती.

वार्षिक सभेला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू काठी टेकत तळमजल्याच्या हॉलच्या दारात आल्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून जिना त्यांच्या जिवावर आला होता. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती आणि जिन्याच्या भिंतीला धरायला काही नव्हतं. तिथे एक दांडा बसवा, एवढंच त्यांना सभेत सांगायचं होतं.

"काकू, एक मिनिट." सेक्रेटरींनी पुस्तक उघडलं. "फ्लॅट काकांच्या नावावर आहे ना?"

"हो."

"आणि काका तर..."

"गेले. खांदा दिला होतात की तुम्ही."

"तेच म्हणतोय. तुमचं नाव अजून लागलेलं नाही. ज्याच्या नावावर फ्लॅट, तो सदस्य. सदस्य नसलेल्यांनी बाहेर बसावं, असं कलमच आहे. आता मी काय करणार?"

"मग काकांना बोलावून आणू का?" काकूंनी साळसूदपणे विचारलं आणि बाहेरच्या बाकावर, ओल्या छत्र्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

दांड्याचा विषय आला. सेक्रेटरींनी घसा खाकरला. "मांडणारा सदस्य हजर नाही. विषय रद्द."

मागच्या रांगेतून त्यांची बायको उठली.

"तू कुठे निघालीस?"

"काकूंजवळ बसते बाहेर. एकट्याच आहेत."

"अगं, तुला कोण बाहेर घालवतंय? तू तर सदस्य..."

वाक्य तिथेच अडकलं. घर बायकोच्या नावावर घेतलं की नोंदणीत सूट मिळते, ही युक्ती त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितली होती. तीही स्वतःच्या चाणाक्षपणाचा नमुना म्हणून.

पहिल्या रांगेतल्या दातांच्या डॉक्टरांनी चष्मा वर केला. "वहिनी सदस्य. मग तुम्ही कोण?"

"मी सेक्रेटरी."

"ते झालं हो. कलमाप्रमाणे कोण?"

"कलमाप्रमाणे वहिनींचे पाहुणे!" मागून कोणीतरी म्हणालं आणि हॉल खदखदून हसला. बायको तेवढी हसली नाही. तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. हसली असती तर बरं झालं असतं.

ते पुस्तक काखेत मारून बाहेर पडले. दार त्यांच्या मागे बंद झालं; सभा चालू असताना दार बंद ठेवायचा नियमही त्यांचाच.

काकूंनी काठी सरकवून जागा केली. "या, बसा. इथे वारा बरा लागतो."

त्यांनी एखादा टोमणा मारला असता तरी चाललं असतं. सेक्रेटरींचे कान तापले होते. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "काकू, जिना उतरलात कशा?"

"बसून."

"म्हणजे?"

"एकेक पायरी. बसायचं, खाली सरकायचं. साडी मळते, पण पडायची भीती नाही." त्या हसल्या. "परत जाताना बघू काय करायचं ते."

सेक्रेटरींनी मान खाली घातली. काकूंच्या साडीवर मागच्या बाजूला जिन्याची धूळ होती. मघाशी काकू दारातून पाठमोऱ्या जाताना त्यांनी पाहिल्या होत्या; धूळ तेवढी दिसली नव्हती.

आतून बायकोचा आवाज आला, मग डॉक्टरांचा, मग टाळ्या.

"झालं का हो मंजूर?" काकूंनी विचारलं.

सवयीने सेक्रेटरींनी पुस्तक उघडलं आणि सभा बोलावण्याच्या कलमाशी त्यांचं बोट थांबलं. ते कलम त्यांनी दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटून बाकाखाली सरकवलं.

"झालं," ते म्हणाले. "एकमताने. चला, वर सोडतो तुम्हाला. माझा हात धरा."

दांडा आठवड्याभरात बसला. सभेच्या नोटिशीवर सदस्याची सही लागते; ती मात्र सेक्रेटरींच्या सहीची होती. कायद्याने ती सभा झालीच नव्हती.