ओएफटूचे चार मार्क

द्वारका सर्कलजवळ बुटांच्या दुकानावर आमचा क्लास. मालक निवृत्ती सर केमिस्ट्री शिकवतात, म्हणजे युक्त्या शिकवतात. "ऑक्सिजन म्हटला की डोळे झाकून मायनस टू" ही त्यांची गाजलेली युक्ती, "फ्लोरीन म्हटला की मायनस वन" ही दुसरी. दोन्ही भिंतीवर रंगवल्यात, सरांच्या फोटोच्या दोन बाजूंना, ऋद्धी-सिद्धीसारख्या.

सर स्वतः फक्त पहिल्या बॅचला शिकवतात. आम्हा बाकीच्यांना क्लासचेच जुने विद्यार्थी शिकवतात, आमच्या बॅचला असाच एक दादा. पहिल्या बॅचमध्ये एकच जागा उरली होती, आणि ती परीक्षेवर ठरणार होती. मला ती हवीच होती. मम्मी तर ऑफिसात आधीच सांगून मोकळी झाली होती. जागा आमच्याच बॅचच्या मनोजला मिळाली. तो माझ्यापेक्षा सहा मार्कांनी पुढे होता.

पेपर वाटायला सगळ्या बॅच एकत्र बसवल्या होत्या. माझा पेपर पाहिला आणि डोकंच फिरलं. ओएफटूमध्ये, म्हणजे एक ऑक्सिजन आणि दोन फ्लोरीनच्या रेणूत, ऑक्सिजनची ऑक्सिडेशन स्टेट काय, याला मी प्लस टू लिहिलं होतं आणि त्यावर काट होती. शेजारी मनोजच्या मायनस टूला चारपैकी चार. त्याचे चार गेले आणि माझे चार आले, तर जागा माझी होती.

सरांच्या केबिनमध्ये गेलेल्याला चहा मिळतो, न्याय नाही. म्हणून तिथेच उठले आणि बोर्डावर मांडलं. रेणूतल्या सगळ्या आकड्यांची बेरीज शून्य यायला हवी. ऑक्सिजन मायनस टू धरला तर दोन फ्लोरीन मिळून प्लस टू, म्हणजे एकेक प्लस वन. भिंत तर म्हणते मायनस वन, आणि फ्लोरीन तो कधीच सोडत नाही; मग ऑक्सिजन प्लस टूच.

"सर, भिंतीवरची कुठली युक्ती पुसायची?" मी विचारलं.

सरांचे कान लाल झाले. चूक त्यांना कळली होती, हे पहिल्या बाकावरच्यालाही दिसलं. त्यांनी घसा खाकरला आणि जाहीर केलं, "प्रश्न रद्द. सगळ्यांना चार मार्क बोनस."

टाळ्या पडल्या. मनोजनेही वाजवल्या, त्याचे चार शाबूतच होते. बरोबर लिहिणारा, चुकीचं लिहिणारा आणि कोरं सोडणारा, सगळ्यांना सारखाच प्रसाद. माझे चार वाढले तरी मी दोनांनी मागेच राहिले. मला रडू आलं, रागाने आलं.

सुटल्यावर सरांनी जिन्यात गाठलं. आवाज एकदम मऊ. मी हुशार आहे म्हणाले, पण असं सगळ्यांसमोर बोलू नये म्हणाले. मग म्हणाले, "साक्षी, पहिल्या बॅचमध्ये एक खुर्ची जास्तीची टाकतो. अगदी माझ्यासमोर बस."

 एवढी धडपड केली ती याच माणसासमोर बसायला.

"नको सर," मी म्हणाले. "आमच्या बॅचचा दादा चुकला, की चुकलो म्हणतो."